दुसरा हुंकार

१

मारजोहान मामा गोष्ट सांगायला बसले की त्यांना दोनच गोष्टी लागायच्या. एक अर्धी भरलेली काडेपेटी आणि एक हुंकार देणारा माणूस. काडेपेटी चटईवर आपटून ते ताल धरायचे. पेटी पूर्ण भरलेली असली तर आवाज बोदा येतो, रिकामी असली तर पोचट, म्हणून अर्धी. आणि प्रत्येक ओळ संपली की शेजारच्याने ‘हुं’ म्हणायचं. तो ‘हुं’ आला नाही तर मामांची पुढची ओळ निघायचीच नाही. चिखलात चाक रुतावं तसे ते तिथल्या तिथे थांबायचे.

जामारिस काकांनी हे काम आयुष्यभर केलं. त्यांची बायको नुरबैती मावशी सगळ्यांना सांगायची, “मी विचारते जेवायला वाढू का, तर हुं. भात करपला, तर हुं. मी चालले माहेरी, तरी हुं!” गेल्या रोज्यांच्या महिन्यात जामारिस काका गेले. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज पढून आले, खुर्चीत टेकले आणि संपले.

ईद झाली की पायाकुम्बुह शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीत गोष्टींचा मेळा भरतो. शहरात पोटामागे गेलेली माणसं घरी आलेली असतात. तीन दिवस, रोज असरनंतर सुरू आणि सूर्य बुडताना होणारी मगरिबची बांग व्हायच्या आत समाप्त. मेळ्याचा कर्ताधर्ता माझा मावसभाऊ झुलहेल्मी. मी मोठी, म्हणून मला तो उनी म्हणतो, आणि उनी म्हणत म्हणतच सगळी कामं माझ्या गळ्यात घालतो.

“उनी, या वेळी मामांशेजारी तू बस.”

“मी? मला गोष्टीतलं काय कळतं?”

“कळायचंय कुठे? म्हैस हुं करते ती काय कळतं म्हणून? दिवसभर शाळेत पोरं तुला हो बाई, हो बाई करतात. आता तू जरा कर.”

मी प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा रियाऊला असतो, तेलाच्या कारखान्यात. मुलगी तिकडेच शिकते. मामी वारल्यापासून मामा माझ्याकडेच आहेत. आमच्यात म्हातारा माणूस शेवटी बहिणीच्या, भाचीच्याच घरी येतो. त्यामुळे नाही म्हणायला मला जागा नव्हती.

मेळ्याच्या आधी मामांनी मला घरीच सराव दिला. माझी एकच चूक ते, मला देस या घरच्या नावाने हाक मारत, पुन्हा पुन्हा काढत होते.

“उशीर करतेस, देस. माझी ओळ संपली की लगेच. श्वासाइतकीही फट नको.”

“का, पुढचं विसराल?”

“मी नाही विसरत,” मामा म्हणाले, आणि काडेपेटी कानाशी हलवून बघत बसले.

२

आमचा सभामंडप लाकडी आहे. खांबांवर उभा, तीन बाजूंनी मोकळा, वर पत्रा. मागच्या बाजूला तेवढी फळ्यांची भिंत, आणि भिंतीला लागून माशांचं तळं. मेळ्यासाठी त्या भिंतीवर काळ्या, लाल, पिवळ्या पट्ट्यांचं कापड खिळे मारून ताणलं होतं. त्याच्या पुढे नवी चटई अंथरली होती. नव्या चटईवर कोणी हललं की ती बारीक करकरते.

पहिल्या दिवशी माणसं मायंदाळ जमली. बायका तळलेली केळी घेऊन पुढे बसल्या. करवंट्यांतून कॉफीच्या पानांचा गरम कावा फिरत होता. मामांनी गोष्ट सुरू केली. एका विधवेचा एकुलता एक मुलगा समुद्रापार जातो. किती वर्षं जातो त्याची गणती नाही. परत येतो तेव्हा खांबांवरच्या घराच्या शिडीशी उभा राहतो, आतून आई विचारते, कोण? आणि त्याला स्वतःचं नावच आठवत नाही. ही गोष्ट मामा तीन दिवस पुरवायचे.

“निघाला गं निघाला, आईचा लेक निघाला.”

“हुं.”

“उंबऱ्याला ठेचाळला, पण मागे नाही बघितलं.”

“हुं.”

सुरुवातीला मला लाज वाटत होती, मग लय सापडली. मामा डोळे मिटून सांगत होते, काडेपेटी टिक टिक वाजत होती, आणि माझा ‘हुं’ आपोआप पडत होता. बाजूच्या बाईने कावा पुढे केला. मी एक घोट घेतला तो गरम निघाला, घशाशी अडकला, आणि तेवढ्यात मामांची ओळ संपली.

“जहाज दिसेना, शीडही दिसेना.”

“हुं.”

मामा पुढे गेले. माझ्या तोंडात अजून कावा होता.

मी वळून पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बायका केळी खात होत्या. झुलहेल्मी दूर, माइकच्या वायरींपाशी. आवाज समोरून आलाच नव्हता. तो माझ्या आणि मामांच्या मधून, जरा मागून आला होता. बाईचा नव्हता, पुरुषाचा म्हणावा तर तसाही नाही. तोंड मिटून काढलेला, पोटभर जेवलेल्या माणसासारखा तृप्त. पुढच्या ओळीला मी घाईने ‘हुं’ म्हटलं, त्याच्या पुढच्या ओळीला त्याहून घाईने. दिवस संपेपर्यंत मी एकही ओळ सुटू दिली नाही.

“घुमतं गं ते,” झुलहेल्मी वायर गुंडाळत म्हणाला. “वर पत्रा, मागे फळ्या, खाली पाणी. तुझाच आवाज तुला परत येतो.”

मला ते पटलं. माझा आवाज निघालाच नव्हता हे मी त्याला सांगितलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी आधी तरुणांचा कार्यक्रम होता. पाडांगहून विल्दा नावाची मुलगी आली होती. ती कविता गात नाही, वाचत नाही, नुसती उभी राहून बोलते. कानात मोठ्या रिंगा, पायात कापडी बूट. चटईवर यायच्या आधी तिने बूट काढले आणि म्हाताऱ्या बायका खूश झाल्या. मी खाली, प्रेक्षकांत बसले होते. मामा माझ्या बाजूला. मंचावर ती एकटी.

बाजारात मासे विकणाऱ्या आपल्या आईवर ती बोलत होती. छान बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, ते वाक्य लोकांपर्यंत पोचू द्यायची.

“माझ्या आईच्या हातांना वास येतो, म्हणून ती माझ्या शाळेत कधी आली नाही.”

शांतता.

“दाराबाहेर उभी राहायची, ओढणीत हात लपवून.”

“हुं.”

विल्दा जराशी हसली. इकडची पद्धत असेल असं तिला वाटलं असावं. शेजारी मामा काडेपेटी मुठीत घट्ट धरून बसले होते.

तिने पुढचं वाक्य घेतलं. थांबली. पुन्हा तो आवाज आला, आणि या वेळी तिने मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसतं कापड. ती परत लोकांकडे वळली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. तिने थांबणं सोडून दिलं. एकात एक वाक्य अडकवत, श्वास न घेता ती बोलत सुटली. लोकांना वाटलं, हीच कला. टाळ्या कडाडल्या. शेवटचा शब्द तोंडातून पडायच्या आत ती चटईवरून खाली उतरली होती.

बूट हातात घेऊन ती थेट माझ्यापाशी आली.

“उनी, माझ्यामागे कोण बसलं होतं?”

“कोणी नाही गं.”

“चटई वाजत होती. दर वाक्याला थोडं पुढे सरकत होतं.” तिने आवाज आणखी खाली घेतला. “शेवटी तर माझ्या पोटरीवर श्वास लागला.”

तिसऱ्या दिवशीही तिचं नाव होतं, पण ती त्याच संध्याकाळी पाडांगच्या गाडीत बसली. पोट बिघडलंय असं सांगा म्हणाली.

मामांची गोष्ट त्या दिवशी मी कशीबशी पार पाडली. त्यांची ओळ संपायच्या आतच माझा ‘हुं’ तयार असायचा. लोक गेले, मामाही झुलहेल्मीबरोबर घराकडे निघाले, तशी मी भिंतीपाशी गेले. अजून चांगलाच उजेड होता. मी कापडावरून तळवा फिरवला. कापडाला लागून टणक फळी. मध्ये बोट शिरायलाही जागा नाही. बाहेरून वाकून पाहिलं. फळ्यांच्या खाली सरळ पाणी, त्यात कार्प मासे तोंडं उघडून फिरत होते. तिथे माणूस उभा राहूच शकत नाही. मनातल्या मनात मी शाळेत पोरांना समजावते तसं स्वतःला समजावलं: पत्रा, फळ्या, पाणी.

मग परत येऊन पुन्हा हात फिरवला. खाली, बसलेल्या माणसाचं तोंड जेवढ्या उंचीवर येईल तिथे, कापड ओलं होतं. तळहाताएवढा ओला डाग.

कावा ठेवलेल्या किटलीची वाफ लागली असेल, मी म्हटलं. किटली मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होती. आणि ती ओल कोमट होती.

४

सकाळी मामा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी शाळेचे कपडे घालूनच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. घसा धरला होता, आवाज फाटका येत होता.

“मामा, जामारिस काकांना ते ऐकू यायचं?”

कोणतं ते, असं मामांनी विचारलं नाही.

“जामारिस मला हुंकार देत नव्हता, पोरी,” ते म्हणाले. “तो आधी देत होता.”

“कशाच्या आधी?”

मामांनी सगळे दाणे एकदम टाकून दिले. कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढल्या.

“आज घसा सांभाळ. आलं घालून चहा घे. वर्गात ओरडू नकोस.”

“तुम्ही आज सांगूच नका ना गोष्ट. ताप आलाय म्हणून सांगते मी झुलहेल्मीला.”

“आणि अर्धीच सोडू?” मामा हात झटकत म्हणाले. “अर्धी गोष्ट ऐकलेल्याला घरी कसं पाठवायचं? तो आपल्याबरोबर नाही का यायचा?”

मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, तुम्ही म्हातारे झालात, जामारिस काका गेल्याचं दुःख तुमच्या डोक्यात गेलंय. मामांनी मान हलवली, जणू हे खरं असतं तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

५

त्या दिवशी शाळेत दोन वर्ग एकत्र बसवले होते. ओरडू नकोस म्हणणं सोपं आहे. दुपारपर्यंत माझ्या घशातून नुसती हवा यायला लागली.

मी झुलहेल्मीला गाठलं. “तू बस आज,” मी कुजबुजले.

“मी बसलो तर माईक कोण बघणार? तुझ्या तोंडाशी वेगळा माईक लावतो. नुसती फुंकर मारलीस तरी पुरे.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “उनी, शेवटचा दिवस आहे. एवढं काय तोंड पाडतेस? मामाच आहेत, वाघ नाही.”

मंडपातून माणसं ओसंडून बाहेर उन्हात उभी होती. मी पाठ भिंतीकडे न करता, तिरकी बसले. मामांनी काडेपेटी आपटली. मी माइकमध्ये ‘हुं’ फुंकलं, ते पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं फसफसलं. लोक हसले. मामा हसले नाहीत, पण पुढे गेले. कितीतरी वेळ असं चाललं. मुलगा जहाजातून उतरला. वाट विसरला, आठवली. आंब्याचं झाड ओळखलं. शिडीपाशी आला.

“शिडीच्या पहिल्या पायरीला पाय लावला.”

मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. फुंकरसुद्धा नाही.

“हुं.”

मामांनी डोळे उघडले.

“आतून आई म्हणाली, कोण?” ते सांगू लागले, पण लोकांना नाही. ओळ म्हणता म्हणता त्यांची मान वळत गेली. मग खांदे वळले. मग ते चटईवर बसल्या बसल्या अख्खे फिरले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आवाज इतका खाली गेला की कर्ण्यातून नुसती खरखर येत होती. लोक माना लांब करून ऐकायला लागले. त्यांना वाटलं, गोष्टीतलंच काहीतरी असेल.

मग मामा सांगायचे थांबले. काडेपेटी थांबली. आणि बऱ्याच वेळाने, हळूच, मामा म्हणाले, “हुं.”

थोडा वेळ गेला.

“हुं,” मामा पुन्हा म्हणाले.

ते ऐकत होते. हुंकार देत होते. लहान मुलासारखे मांडीवर हात ठेवून, वाकून, एकेका ओळीला मान डोलवत. मला कोणतीच ओळ ऐकू येत नव्हती. मी त्यांच्यावरून नजर काढून कापडाकडे पाहिलं.

त्या दुपारी वारा नव्हता. मेळ्याचे झेंडे काठ्यांना चिकटून लटकत होते. कापडाच्या खालच्या भागात, लाल पट्ट्यात, कपाळाएवढा गोल फुगवटा पुढे आला होता. त्याच्या खाली कापड आत खेचलं जात होतं आणि बाहेर ढकललं जात होतं. आत, बाहेर. बोलणाऱ्याच्या तोंडावर फडकं धरलं की होतं तसं. फुगवटा मामांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. आणि मी बघतेय हे कळल्यासारखा तो माझ्या बाजूला वळायला लागला, कापडाला एक तिरकी घडी पाडत.

मला ओरडता येत नव्हतं. मी मामांच्या मुठीतून काडेपेटी ओढून घेतली आणि माइकवर आपटली. एकदा, दोनदा, पेटी फुटून काड्या सांडेपर्यंत. कर्ण्यांतून बंदुकीसारखे बार निघाले. बायका किंचाळल्या. मी लोकांकडे वळले आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवत राहिले. सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते.

नुरबैती मावशी उठली. गुडघे धरत, एका हाताने शेजारणीचा खांदा दाबत. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागे बघत होती.

“हुं म्हणा!” ती ओरडली. “बघता काय मेल्यांनो, हुं म्हणा!”

आणि तिनेच पहिला दिला. मग पुढच्या रांगेने. मग झुलहेल्मीने, वायर हातात धरून. मग उन्हात उभ्या असलेल्यांनीही. अख्ख्या वस्तीचा ‘हुं’ त्या पत्र्याखाली असा घुमला की चटईतून माझ्या मांड्यांना जाणवला. आणखी एकदा. आणखी एकदा.

मामा दचकले. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा त्यांनी श्वास घेतला आणि ते आमच्याकडे फिरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काडेपेटी नव्हती, म्हणून त्यांनी तळहाताने चटईवर ताल धरला.

“आई म्हणाली, नाव नसेना का बाळा, पाय धू आणि आत ये.”

“हुं!” वस्ती म्हणाली.

गोष्ट संपली. मशिदीतून बांग सुरू झाली. मी कापडाकडे पाहिलं, ते खिळ्यांवर सपाट ताणलेलं होतं. लाल पट्ट्यावर ओला डाग होता, आदल्या दिवसापेक्षा बराच मोठा.

६

असा शेवट आजवर कोणत्याच मेळ्याचा झाला नाही, असं लोक अजून म्हणतात. झुलहेल्मीला वाटतं मी आणि मामांनी ते आधी ठरवलं होतं. “निदान मला तरी सांगायचं, उनी,” असं तो कुरकुरतो. मी कापड उतरवून जाळलं तेव्हा मात्र तो काही बोलला नाही. नुरबैती मावशी जळेपर्यंत माझ्याजवळ उभी होती. मी तिला विचारलं, तुम्हाला दिसलं? ती म्हणाली, “मला कशाला विचारतेस? मी माझ्या नवऱ्याच्या त्या हुंकाराशेजारी चाळीस वर्षं झोपले. कधी विचारलं नाही.”

त्यानंतर मामांनी गोष्ट सांगितली नाही. कोणी आग्रह केला तर घशाकडे बोट दाखवायचे. घशाला काही झालं नव्हतं. जेवायला मागायचे, कोंबड्यांना शिव्या द्यायचे. पण दुपारी मी शाळेतून आले की ते पडवीत सापडायचे, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून. अधूनमधून मान डोलवायचे.

“हुं.”

मी दप्तरही खाली न ठेवता त्यांच्याशेजारी बसायचे आणि मोठमोठ्याने बोलायला लागायचे. शाळेत कोणी कोणाला मारलं, बाजारात मिरची किती महागली, नवऱ्याचा फोन आला होता, काहीही. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळायचे आणि ओळखीचं हसायचे. भिंतीवर मी काही टांगलेलं नव्हतं. कॅलेंडरसुद्धा काढून टाकलं होतं.

त्यांना एकदाच विचारलं. “मामा, ते काय सांगतं तुम्हाला?”

“गोष्ट,” मामा म्हणाले.

“कुणाची?”

त्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते उठून कोंबड्या बघायला गेले.

गेल्या आठवड्यात शाळा लवकर सुटली. फाटकातूनच मला दिसलं, मामा भिंतीकडे तोंड करून नव्हते. ते रस्त्याकडे तोंड करून, आमच्या घराच्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसले होते. माझी वाट बघत. मी वर चढले तसा त्यांनी माझा हात धरला आणि मला शेजारी बसवलं. लहानपणी ताप आला की करायचे तसा माझ्या केसांवरून हात फिरवू लागले. त्यांचे गाल ओले होते.

“काय झालं, मामा?”

“संपली,” ते म्हणाले. “आज संपली ती गोष्ट.”

अंगणात ऊन होतं. शेजारी कोणीतरी नारळ खोवत होतं, त्याचा आवाज येत होता. मी विचारणार होते, कुणाची होती म्हणून. विचारलं नाही. मामा हात फिरवत राहिले, फिरवत राहिले.

“फार मोठी नव्हती गं, देस,” ते म्हणाले.